टॉन्सिल काढले की सोरायसिस जातो का?

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"नमस्कार डॉक्टर मॅडम, मी इचलकरंजीहून लिहितोय. माझी धाकटी बहीण २४ वर्षांची आहे. दहावीच्या वर्षी तिला घसा सुजून जोरात ताप आला होता, त्यानंतर पंधरा दिवसांत पाठीवर-पोटावर बारीक लाल ठिपके उठले. ते गेले पण वर्षभराने कोपर, गुडघे आणि डोक्यात सोरायसिस सुरू झाला तो आजतागायत आहे. घसा तर वर्षातून चार-पाच वेळा धरतोच. मलमं झाली, होमिओपॅथी झाली, काढे झाले, आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (सोरायसिस दाबून ठेवणारं औषध) चालू आहे. मागच्या महिन्यात घशासाठी ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे) गेलो तर ते म्हणाले टॉन्सिल काढून टाका, सोरायसिसपण कमी होईल. हे स्किनच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. आई म्हणते गळ्याला सुरी लावायची नाही, आवाज जाईल. त्यात लग्नाची बोलणी चालू आहेत, त्याआधी अंग साफ व्हावं असं घरी सगळ्यांना वाटतं. काढायचे की नाही तेवढं सांगा. — एक भाऊ"

दादा, आधी एक गोष्ट. एवढं मोठं पत्र, त्यात ईएनटी काय म्हणाले ते आहे, स्किनचे डॉक्टर काय म्हणाले ते आहे, आई आहे, होणारे पाहुणे आहेत, फक्त जिच्या घशात टॉन्सिल आहेत ती काय म्हणते ते कुठेच नाही. २४ वर्षांची बीए असो की बारावी नापास, तिचा घसा तिचा आहे, तेव्हा हे उत्तर तिलाही वाचायला द्या, नाहीतर मी टाइप केलेलं फुकट जायचं.

आता मुद्द्याचं. ईएनटीवाले थापा मारत नाहीयेत. आणि स्किनवाले हसले ते अगदीच उगाच नाही, त्यांच्या हसण्यामागे शंभर वर्षांची एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते. पण तुमच्या बहिणीची हिस्टरी वाचून मी तरी हसले नसते, कारण तुम्ही नकळत पुस्तकात असते तशीच केस लिहून पाठवली आहे. आधी घसा, मग दोनेक आठवड्यांनी अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके. याला गटेट सोरायसिस म्हणतात, पोरासोरांत आणि तरुण वयात दिसतो, आणि घशातल्या स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूशी त्याचं नातं डॉक्टर लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बऱ्याच जणांचा काही महिन्यांत आपोआप जातो, काहींचा मात्र मुक्काम ठोकतो आणि मग कोपर-गुडघ्यावर जाड खवल्यांचे चट्टे होतात, म्हणजे तुमच्याकडे झालं तसं.

घशातला जंतू आणि कोपराची कातडी यांचा संबंध काय, हा प्रश्न तुमच्या आईला पडला असणारच. तर या स्ट्रेप्टोकोकसच्या अंगावर एम प्रोटीन नावाचं एक प्रोटीन असतं, आणि आपल्या कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रोटीनचे काही तुकडे त्याच्यासारखेच दिसतात. टॉन्सिल म्हणजे शरीराच्या दारातली चौकी, तिथे टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, या जंतूला ओळखायला शिकतात आणि मग रक्तातून फिरत कातडीपर्यंत पोचतात. तिथे त्यांना केराटिन दिसतं आणि गावकऱ्यांनी रात्री चोर समजून पाटलाच्या जावयालाच धुवावं तसा प्रकार होतो. कातडी सुजते, पेशी भराभर वाढायला लागतात, खवले सुटतात. आता हे सगळ्यांना होत नाही, घसा तर सगळ्या गावाचा धरतो. ज्यांच्यात एक ठरावीक जीन असतो, एचएलए सीडब्ल्यू६ म्हणतात त्याला, त्यांच्यात हा घोळ जास्त दिसतो.

आणि हे सगळं खोदून काढण्यात सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, तर आइसलंडचा! थंडगार देश, लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, पण तिथल्या राजधानीतल्या, रेक्याविकमधल्या डॉक्टरांनी या विषयाचा पिच्छाच पुरवला. २००३ साली त्यांनी सोरायसिसचे २०८ पेशंट आणि त्यांच्याच घरात राहणारी, सोरायसिस नसलेली ११६ माणसं वर्षभर बघितली. घसा दुखतोय असं सांगणारे पेशंटमध्ये ६१ निघाले, घरच्या माणसांत फक्त ३. एकाच घरात राहणारी माणसं आहेत बरं का ही, हवा तीच, किचन तेच. आणि घशातून खरंच स्ट्रेप्टोकोकस सापडला तेव्हा सोरायसिस वाढलेला दिसला, नुसत्या साध्या व्हायरल घशाने तसं झालं नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग २०१२ मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली. ज्यांचा सोरायसिस घसा धरला की वाढतो असे २९ पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून १५ जणांचे टॉन्सिल काढले आणि १४ जणांचे ठेवले, आणि दोन वर्षं मागोवा घेतला. काढलेल्या १५ पैकी १३ जणांचा सोरायसिस कमी झाला आणि कमीच राहिला, कुणाचा ३० टक्के, कुणाचा ९० टक्के. न काढलेल्यांत म्हणावा असा फरक नाही. शिवाय रक्तातल्या त्या जंतू आणि केराटिन दोन्ही ओळखणाऱ्या टी पेशीपण कमी झालेल्या दिसल्या, म्हणजे नुसतं "बरं वाटतंय हो" एवढ्यावर गाडी थांबली नाही. नंतर त्यांनीच सांगितलं की त्या सीडब्ल्यू६ च्या दोन्ही प्रती ज्यांच्यात आहेत, म्हणजे आईकडूनही आलीय आणि वडिलांकडूनही, त्यांना जास्त चांगला फायदा झाला.

हे वाचून उद्याच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. १५ पैकी १३ भारी वाटतं पण मुळात माणसं किती, २९. आणि ज्याचे टॉन्सिल काढले त्याला ते माहीत होतंच, खोटं ऑपरेशन करून कुणाला फसवता येत नाही, त्यामुळे मनाचा परिणाम किती हे वेगळं काढणं अवघड. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोपर्यंतचं सगळं छापील गोळा केलं तर टॉन्सिल काढलेले ४१० पेशंट सापडले, त्यातल्या २९० जणांना फरक पडला होता. ऐकायला दहातले सात, पण २० पेपरांपैकी १५ असे की ज्यात तुलनेला दुसरा गटच नाही, आणि गुण आला की डॉक्टर पेपर लिहितो, नाही आला तर कोण लिहितंय. शिवाय काहींचा सोरायसिस आधी कमी झाला आणि मग परत आला. २०१९ ला कॉक्रेनवाल्यांनी, जे असे अभ्यास फार कडक तपासतात, त्यांनी सांगितलं की घशातल्या जंतूवरचे उपचार सोरायसिसला लागू पडतात का याबद्दलचा पुरावा अतिशय कच्चा आहे. माझं मत विचाराल तर संबंध खरा आहे, पण ऑपरेशन थोड्याच लोकांसाठी आहे आणि ते थोडे कोण हे ओळखण्यातच सगळी गंमत आहे.

तुम्हाला कुणीतरी जपानचंही उदाहरण देईल, म्हणून आधीच सांगते. जपानमध्ये कातडीसाठी टॉन्सिल काढणं बऱ्यापैकी रुळलेलं आहे, पण तिथे ते मुख्यतः तळहात-तळपायावर पुवाच्या फोडी येतात त्या आजारासाठी, आणि किडनीच्या एका आजारासाठीही काढतात. तो फोडीवाला आजार सिगारेट ओढणाऱ्यांत खूप जास्त दिसतो, त्याची तऱ्हा वेगळी. तिथले आकडे कोपर-गुडघ्याच्या सोरायसिसला चिकटवू नका.

आता ते हसण्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज म्हणून मोठे डॉक्टर होते, त्यांनी असा विचार मांडला की शरीरात कुठेतरी जंतूंचा अड्डा लपलेला असतो, दातात नाहीतर टॉन्सिलमध्ये, आणि तिथून संधिवातापासून काय वाट्टेल ते होतं. विचार अगदीच वेडा नव्हता, पण लोकांनी त्याचा जो काही धुमाकूळ घातला! न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर वेड बरं करायचं म्हणून पेशंटचे दात उपटायचे, टॉन्सिल काढायचे, पुढे पुढे तर आतडीसुद्धा, आणि त्यात माणसं मेली. शाळकरी पोरांचे टॉन्सिल तर सरसकट जायचे. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये १००० मुलं तपासली तर ६११ जणांचे आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, ते म्हणाले यातल्या १७४ जणांचे काढा. मग ज्यांना "गरज नाही" सांगितलं ती २१५ पोरं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, ते म्हणाले ९९ जणांचे काढा. परत उरलेली ११६ तिसऱ्यांकडे, त्यांनी ५१ निवडली. शेवटी ६५ पोरं उरली आणि दाखवायला डॉक्टर संपले. म्हणजे गरज पोराच्या घशात नव्हतीच, डॉक्टरच्या डोक्यात ठरलेलं होतं की समोर येतील त्यातल्या निम्म्यांचे काढायचे. ही गोष्ट माहीत असलेला कुठलाही डॉक्टर "टॉन्सिल काढा, कातडी सुधारेल" ऐकून आधी भुवई उंचावणारच. तुमच्या स्किनच्या डॉक्टरांनी हसण्याऐवजी दोन वाक्यं समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण ओपीडीत बाहेर साठ पेशंट बसलेले असतात हेही मला माहितीये.

तर मग तुम्ही करायचं काय. सगळ्यात आधी हे पक्कं करायचं की कातडी खरंच घशाच्या मागे मागे चालते का. तुम्ही लिहिलंय घसा वर्षातून चार-पाचदा धरतो, पण प्रत्येक वेळी चट्टे वाढतात का हे लिहिलंच नाहीये, आणि माझ्या दृष्टीने सगळा निकाल त्यावर आहे. बहिणीला मोबाइलमध्ये तारखा टाकायला सांगा, घसा कधी दुखला, ताप किती, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत चट्ट्यांचं काय झालं, कोपराचा फोटो त्याच जागी त्याच उजेडात. लग्नाचं टेन्शन, थंडीचा सुकेपणा, एखादी बीपीची किंवा मलेरियाची गोळी यानेही सोरायसिस उसळतो, ते पण लिहा, नाहीतर प्रत्येक वेळी बिचाऱ्या घशावरच आळ.

आणि पुढच्या वेळी घसा धरला की मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांच्या गोळ्या आणून गिळू नका. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला तरी. आधी घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) द्या, मग ॲंटिबायोटिक सुरू करा, कारण गोळी आधी घेतली तर जंतू कल्चरमध्ये सापडतच नाही. स्ट्रेप्टोकोकस निघाला तर डॉक्टर जो कोर्स देतील तो पुरा करायचा, पेनिसिलिन दिलं तर सहसा दहा दिवसांचा असतो, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाकीट फ्रिजवर ठेवून द्यायचं नाही. कुणी एएसओची रक्ततपासणी करून "वाढलाय, काढा टॉन्सिल" म्हणालं तर तेवढ्यावर हो म्हणू नका, एएसओ वाढलेला म्हणजे मागे कधीतरी हा जंतू येऊन गेला एवढंच, आत्ता घशात बसलाय असं नाही. आणि महिनोन्‌महिने ॲंटिबायोटिक खाऊन जुना सोरायसिस जातो असंही कुठे नीट सिद्ध झालेलं नाही, त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं, सोरायसिस बाजूला ठेवा आणि नुसत्या घशासाठी ऑपरेशन बसतं का ते बघा. जगभर साधारण जो हिशोब धरतात तो असा की एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा टॉन्सिल चांगलेच सुजलेले, म्हणजे ताप, पांढरे ठिपके, गळ्यात गाठी, नुसती खवखव नाही. तुम्ही लिहिता तसं खरंच वर्षाला चार-पाच असेल आणि तीन वर्षं चालू असेल तर ती घशापुरतीच त्या हिशोबात बसतेय! मग प्रश्न सोपा होतो, ऑपरेशन घशासाठी करायचं आणि कातडीला फायदा झाला तर तो वरचा बोनस. उलट घसा फारसा धरतच नसेल आणि फक्त सोरायसिससाठी काढायचे असतील तर मी तरी आधी कातडीचे बाकी उपचार संपवायला सांगेन, फोटोथेरपी म्हणजे प्रकाशाचे उपचार आहेत, आता प्रतिकारशक्तीचा नेमका एक धागा दाबणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, महाग आहेत पण आहेत.

आईंना सांगा, आवाज जात नाही. टॉन्सिल तोंडातून काढतात, गळ्याला बाहेरून सुरी लागतच नाही, स्वरयंत्र खाली वेगळ्या जागी असतं. काही दिवस आवाज जरा वेगळा, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा वाटेल एवढंच. प्रतिकारशक्ती जाईल ही भीतीही मोठ्या माणसाच्या बाबतीत तशी नाही, घशात त्याच कामाचा दुसरा बराच माल शिल्लक असतो. पण आई घाबरतात ते अगदी चूक नाही, कारण भीती वेगळ्याच गोष्टीची हवी, रक्तस्रावाची. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली जवळपास ३४ हजार टॉन्सिल ऑपरेशनांचा हिशोब ठेवला होता, त्यात साडेतीन टक्के लोकांना नंतर रक्त आलं आणि शंभरात जेमतेम एकाला परत टेबलावर घ्यावं लागलं. हे रक्त ऑपरेशनच्या दिवशी येऊ शकतं नाहीतर पाच ते दहा दिवसांनी, खपली सुटताना, म्हणजे नेमकं आपण घरी येऊन निर्धास्त झाल्यावर. तेव्हा त्या दिवसांत बहीण प्रवासाला नको, आणि थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना.

दुखतंही खूप, मोठ्या वयात लहान पोरांपेक्षा जास्त. लहान पोरगं चौथ्या दिवशी अंगणात असतं, मोठं माणूस दहा-बारा दिवस थुंकी गिळताना डोळे मिटतं, कान ठणकतात, घशात पांढरं-पिवळं दिसतं आणि घरचे म्हणतात पू झाला. तो पू नसतो, जखम तशीच भरते. पेज, मऊ भात, पाणी चालू ठेवायचं, दुखतंय म्हणून गिळणं बंद केलं की जास्त दुखतं. आणि भूलतज्ज्ञांना मेथोट्रेक्सेटबद्दल, आणि काढे-चूर्ण जे काही चालू असेल त्याबद्दल सगळं सांगायचं, लपवायचं नाही. ऑपरेशन झालं म्हणून दुसऱ्या दिवसापासून मेथोट्रेक्सेट आपल्या मनाने बंद करायचं नाही, चट्टे खरंच कमी होतायत असं स्किनच्या डॉक्टरांना दिसलं तर तेच हळूहळू कमी करतील.

आता लग्न. हे मला सगळ्यात जास्त टोचलं. लग्नाच्या तारखेला धरून टॉन्सिल काढू नका, कारण आइसलंडमध्येसुद्धा काहींना ३० टक्केच फरक पडला होता आणि तुमच्या घरात सगळे शंभर टक्के धरून बसलेत, मग नाही झालं तर त्या पोरीचं काय होईल याचा विचार करा. लग्नाआधी "आठ दिवसांत अंग साफ" करून देणारे भेटतील, त्यांच्या पुड्यांत किंवा इंजेक्शनात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चट्टे जादूसारखे जातात आणि बंद केलं की दुपटीने उसळतात, कधी कधी अंगभर पुवाच्या फोडी येऊन पेशंट ॲडमिट करावा लागतो. हळदीच्या आदल्या आठवड्यात हे नको.

आणि कुणी बोललं की नाही माहीत नाही, पण मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहायला नकोत, बाळाला धोका असतो. लग्न ठरलं की स्किनच्या डॉक्टरांना आधी सांगा, मूल हवं असेल तर ते काही महिने आधी थांबवून दुसरं काही देतात. ॲसिट्रेटिन नावाची गोळी सुचवली तर तरुण मुलीसाठी साफ नाही म्हणा, ती बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. हे बहिणीशी तुमच्या डॉक्टरांनी सरळ बोलायला हवं, भाऊ समोर बसलाय म्हणून ती विचारणार नाही, तेव्हा त्या व्हिजिटला तुम्ही बाहेर बाकावर बसा.

पाहुण्यांना सोरायसिस सांगून टाका. तो लागत नाही, हात लावून नाही, एका ताटात जेवून नाही. लपवून केलेल्या लग्नात पहिल्या पावसाळ्यात चट्टे उठले की जी भांडणं होतात ती मी ओपीडीत बघते, सासू एका खुर्चीत, सून दुसऱ्या खुर्चीत आणि दोघींच्या मध्ये माझं टेबल.

सध्या घाई काहीच नाही. तीन-चार महिने तारखा आणि फोटो ठेवा, दोन वेळा तरी स्वॅब होऊ द्या, मग ते सगळं घेऊन आधी स्किनच्या डॉक्टरांकडे आणि मग ईएनटीकडे, आणि जमलं तर दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. स्वॅबमध्ये दोन्ही वेळा स्ट्रेप्टोकोकस आणि दोन्ही वेळा मागून चट्टे, असं दिसलं तर मी ऑपरेशनच्या बाजूने आहे. स्वॅब कोरा आणि चट्टे आपल्या मर्जीने वाढतायत असं दिसलं तर टॉन्सिल जिथे आहेत तिथे राहू देत. कल्चर इचलकरंजीत जमलं नाही तर कोल्हापूरला नक्की होईल, फक्त स्वॅब द्यायच्या आधी गोळी घ्यायची नाही हे विसरू नका.